पाच पराभवांसकट सेक्रेटेरिएट

प्रश्न असा आला आहे: "फ्रँकेल १४ शर्यती धावला आणि १४ जिंकला. ब्लॅक कॅव्हियर २५ पैकी २५. सेक्रेटेरिएट मात्र २१ पैकी १६च जिंकला, पाचदा हरला. तरी घोडेवाले आधी त्याचंच नाव का घेतात? आणि त्याचं हृदय इतर घोड्यांच्या दुपटीहून मोठं होतं म्हणूनच तो जिंकायचा, हे खरं का?"

माझं आयुष्य रेसच्या घोड्यांना तयार करण्यात गेलं. पावसाळ्यात पुणे, थंडी पडली की मुंबईचं महालक्ष्मी, आणि दोन्हीकडे पहाटेचं काम. त्यामुळे हा प्रश्न मी आकड्यांच्या यादीपेक्षा तबेल्याच्या बाजूनं पाहतो. तसं पाहिलं तर सेक्रेटेरिएटचे पाच पराभव मला त्याच्या मोठेपणातली खोट वाटत नाहीत. तो कशानं जिंकत होता हे नीट कळायचं असेल तर तो कशानं हरला हेच आधी बघावं लागतं. हृदयाच्या गोष्टीत तथ्य आहे, पण लोक तिच्यावर घालतात तेवढं ओझं ती पेलत नाही. दोन्ही मुद्दे सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ३० मार्च १९७० च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, डॉसवेलच्या मेडो स्टडमध्ये तो जन्मला. तांबडा रंग, तीन पाय पांढरे, कपाळावर चांदणी. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल आणि आईचा बाप प्रिन्सक्विलो. बोल्ड रूलरचं रक्त वेगाचं. पण त्याची पोरं लांब अंतराला कमी पडतात, असा तेव्हाच्या जाणकारांचा समज होता. प्रिन्सक्विलोचं रक्त मात्र दमसासाचं. या दोन धारा एकत्र येणार हे कागदावर दिसत होतं, पण असं कागदावर दिसणारं दहातल्या नऊ शिंगरांत उतरत नाही.

नाणेफेकीची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. बोल्ड रूलर ज्या घराण्याचा होता त्यातले ऑग्डेन फिप्स आणि मेडो स्टडचा कारभार पाहणाऱ्या पेनी चेनेरी यांच्यात करार होता, की मेडोच्या घोड्या बोल्ड रूलरकडे जातील आणि होणारी शिंगरं दोघांत वाटली जातील. १९६९ साली नाणं उडवलं गेलं आणि फिप्स जिंकले. त्यांनी त्या वर्षीची समथिंगरॉयलची मादी शिंगरू उचलली. चेनेरींच्या वाट्याला आलं पुढच्या वर्षी जन्मणारं शिंगरू, म्हणजे हा. फिप्सनी घेतलेली 'द ब्राइड' एकही शर्यत जिंकली नाही. आईबाप तेच, सख्खी बहीण, आणि फरक एवढा. वंशावळीवर सगळा पैसा लावणाऱ्यांनी ही दोन नावं एकाखाली एक लिहून समोर ठेवावीत.

ट्रेनर होते लुसिअँ लॉरिन, क्युबेकचे. जॉकी रॉन टरकॉट, न्यू ब्रन्सविकच्या जंगलात लाकूडतोड करून वर आलेला माणूस. आणि सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, एडी स्वेट. या तिसऱ्या नावाकडे लोक कमी लक्ष देतात. घोड्याचा दिवसभराचा मूड, दाणा किती खाल्ला, किती ठेवला, लीद कशी आहे, पहाटे पायाच्या नळीवर हात फिरवला तर कुठे ऊब लागते का, हे सगळं आधी सईसाला कळतं, मग ट्रेनरला आणि सर्वांत शेवटी मालकाला. ज्या तबेल्यात सईस मन लावून काम करत नाही तिथून मोठा घोडा निघालेला मी पाहिला नाही.

सेक्रेटेरिएटबद्दल त्या काळच्या सगळ्या माहितगारांनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: हा घोडा भरपूर खायचा. मोठी शर्यत झाली की बहुतेक घोडे दोन-तीन दिवस दाणा सोडतात. हा शर्यतीनंतरही डबा चाटूनपुसून साफ करायचा. उंची सुमारे १६.२ हात (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच; इथे सोळा हात आणि दोन इंच), छातीचा घेर जवळपास ७५ इंच, त्यामुळे खोगीर आवळायचा नेहमीचा तंग त्याला पुरायचा नाही. इतक्या जाड, स्नायूंनी भरलेल्या आणि एवढं खाणाऱ्या घोड्याला काम, म्हणजे सकाळची सरावाची दौड, कमी पडलं तर तो आतून सुस्त होतो. बाहेरून चकाकतो, पाहणाऱ्याला वाटतं काय तयार आहे! पण शेवटच्या दोन फर्लांगांत (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) दम संपतो. म्हणून लॉरिन त्याला जे काम द्यायचे ते दुसऱ्या एखाद्या नाजूक घोड्याला दिलं असतं तर तो मोडला असता. माझ्या मते या घोड्याची सगळी कारकीर्द उघडणारी किल्ली हीच आहे. त्याला कडक काम लागायचं, आणि ते सोसायची ताकद त्याच्या अंगात होती.

आता पराभव. पहिला ४ जुलै १९७२ चा, न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वेडक्टवर. दोन वर्षांचं कोवळं पोर, पहिलीच शर्यत. गेटमधून निघताच धक्का बसला, मागे पडला आणि तरी चौथा आला. अकरा दिवसांनी त्याच ट्रॅकवर सहा लेंग्थनं, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतरानं, जिंकला. त्या पराभवावर आणखी बोलण्यासारखं काही नाही. दुसरा त्याच साली शॅम्पेन स्टेक्समधला. तिथे तो पहिला आला होता, पण स्टॉप द म्युझिक या घोड्याच्या वाटेत आल्याबद्दल पंचांनी त्याला दुसऱ्या जागी टाकलं. म्हणजे पायांनी जिंकला, कागदावर हरला. बाकी १९७२ त्याचंच होतं. नऊ शर्यती, सात विजय आणि दोन वर्षांचा असतानाच वर्षातला सर्वोत्तम घोडा हा किताब, जो सहसा मोठ्या वयाच्या घोड्यांकडे जातो.

१९७३ च्या जानेवारीत मेडो स्टडचे मालक, पेनीचे वडील ख्रिस्तोफर चेनेरी वारले. वारसाकराचं ओझं आलं. घोडा विकावा लागणार अशी वेळ आली, तेव्हा क्लेबॉर्न फार्मच्या सेथ हॅनकॉकनं त्याचं सिंडिकेट केलं, म्हणजे त्याची मालकी हिश्श्यांत विकली. १ लाख ९० हजार डॉलरचा एक हिस्सा, असे ३२ हिस्से, एकूण ६० लाख ८० हजार डॉलर. तोवर कुठल्याही घोड्याला एवढी किंमत आली नव्हती. अट अशी की तीन वर्षांच्या वयाचा हंगाम संपला की घोडा पैदाशीसाठी स्टडला जाणार. म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस, बेलमॉन्ट यांतली एकही क्लासिक शर्यत अजून न जिंकलेल्या घोड्याची सगळी कारकीर्द त्या एका हंगामात बसवायची होती. त्या वसंतात लॉरिन किती बेचैन असतील याची कल्पना मला करता येते.

आणि तेवढ्यात वुड मेमोरियल आली. डर्बीच्या दोन आठवडे आधीची शर्यत. सेक्रेटेरिएट तिसरा. पहिला आला त्याच्याच तबेल्यातला अँगल लाइट आणि दुसरा कॅलिफोर्नियाहून आलेला शॅम. सगळीकडे ओरड झाली, की बोल्ड रूलरचं पोर, लांब पल्ल्याला उरणार नाही म्हणून सांगत होतोच. खरी कारणं दोन होती. शर्यतीआधीचं शेवटचं मोठं काम ठरल्यापेक्षा बरंच संथ झालं होतं, आणि वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं.

हे गळू नीट समजून घ्या, कारण आपल्याकडेही ते दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तबेल्यात होतं. जॉकी भरधाव घोड्याशी जे काही बोलतो ते लगामातून. चांगला घोडा वळणावर लगामाला तोंड टेकतो, त्या आधारावर पाय लांब टाकतो. तोंड दुखत असेल तर तो टेकतच नाही. मान वर करतो, डोकं झटकतो, लगाम घेतला की मागे ओढतो. वर बसलेल्याला वाटतं घोड्याला आज जायचंच नाही. पायांत दोष नसतो, दमात दोष नसतो, पण घोडा आणि स्वार यांच्यातला धागाच तुटलेला असतो. म्हणून मी तबेल्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या राइडिंग बॉयला सांगतो, की लगाम चढवण्याआधी बोट ओठाच्या आतून फिरव, हिरड्या बघ, जिभेच्या कडा बघ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सेक्रेटेरिएटचं गळू डर्बीच्या आधी फुटून गेलं. लॉरिननी कामही कडक केलं. डर्बीच्या तीन दिवस आधी त्यानं चर्चिल डाउन्सवर पाच फर्लांग ५८.६ सेकंदांत काढले. सकाळच्या कामातली ही वेळ पाहून ज्यांना घोड्यातलं कळत होतं ते गप्प झाले.

५ मे १९७३, केंटकी डर्बी, सव्वा मैल. वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. पन्नास वर्षं उलटली, तो विक्रम अजून उभा आहे. पण एकूण वेळेपेक्षा तिचे तुकडे बघा. पहिला पाव मैल २५.२ सेकंद, दुसरा २४, तिसरा २३.८, चौथा २३.४ आणि पाचवा २३. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जलद! ज्यानं हातात घड्याळ धरून पहाटे घोडे मोजले आहेत त्याला यातलं नवल सांगावं लागत नाही. सव्वा मैलाच्या शर्यतीत शेवटचा पाव मैल सगळ्यांचाच मंदावतो. जो कमी मंदावतो तो जिंकतो, आणि प्रेक्षकांना वाटतं की त्यानं जोर मारला. हा मात्र खरोखरच शेवटपर्यंत वेग वाढवत गेला. शॅम अडीच लेंग्थनं दुसरा. शॅमनं गेटवर तोंड आपटून दात पाडून घेतले होते आणि तरी दोन मिनिटांच्या आसपास पळाला. दुसऱ्या कुठल्याही वर्षी डर्बी त्याची असती.

प्रीकनेसबद्दल थोडक्यात. पहिल्या वळणावर टरकॉटनं त्याला शेवटून बाहेरच्या बाजूनं काढलं आणि काही सेकंदांत सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवलं. वळणावर असा जोर लावणं म्हणजे एरवी घोडा जाळून टाकणं. इथे तो पुढे आला आणि पुढेच राहिला. शॅम पुन्हा अडीच लेंग्थनं मागे. त्या दिवशी ट्रॅकवरचं विजेचं घड्याळ चुकलं, बरीच वर्षं वाद चालला, आणि शेवटी २०१२ साली मेरीलँडच्या रेसिंग कमिशननं चित्रफिती तपासून अधिकृत वेळ १ मिनिट ५३ सेकंद केली. तोही विक्रम.

मग ९ जून, बेलमॉन्ट, दीड मैल. म्हणजे आपल्या इंडियन डर्बीच्या २४०० मीटरपेक्षा जेमतेम १४ मीटर जास्त. १९४८ च्या सायटेशननंतर पंचवीस वर्षांत कोणी ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमॉन्ट या तिन्ही एकाच वर्षी, जिंकलं नव्हतं. मैदानात पाचच घोडे. भाव दहाला एक, म्हणजे दहा डॉलर लावले तर एक डॉलर नफा. शर्यतीच्या आठ दिवस आधी लॉरिननी त्याला मैलभराचं काम दिलं, ते १ मिनिट ३४.८ सेकंदांत. पुष्कळ घोड्यांना ही वेळ शर्यतीतही झेपत नाही.

शर्यत सुटली आणि सेक्रेटेरिएट व शॅम जोडीनं सुटले. पहिला पाव मैल २३.६. दुसरा २२.६. सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंद. इथे क्षणभर थांबा. सहा फर्लांग म्हणजे निम्मी शर्यत. ही वेळ सहा फर्लांगांचीच शर्यत असलेल्या चांगल्या स्प्रिंटरला शोभेल अशी, आणि अजून तेवढंच अंतर बाकी. मी त्या दिवशी ट्रेनरच्या जागी असतो तर मला घाम फुटला असता. दीड मैलाच्या शर्यतीत असा पहिला अर्धा टाकणारा घोडा शेवटच्या वळणावर पाय ओढायला लागतो, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. शॅमचं तेच झालं. मैलाच्या आधीच त्याचं अंग सुटलं आणि तो शेवटचा आला.

सेक्रेटेरिएटचे पुढचे तुकडे असे: २३.६, २४.४, २४.८ आणि २५. डर्बीच्या अगदी उलट चित्र. इथे तो मंदावत गेला आहे, पण किती? चौथ्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत अवघा ०.६ सेकंद. सव्वा मैल त्यानं १ मिनिट ५९ सेकंदांत पार केला, म्हणजे स्वतःच्या डर्बी विक्रमापेक्षा जलद, आणि तिथून आणखी पाव मैल २५ सेकंदांत पळाला. एकूण २ मिनिटं २४ सेकंद. अंतर ३१ लेंग्थ, सुमारे ७५ मीटर. टरकॉटनं चाबूक उचललाच नाही. शेवटच्या फर्लांगात त्यानं मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि विक्रम दिसल्यावर फक्त हातांनी घोड्याला पुढे म्हटलं.

या वेळेची किंमत कळण्यासाठी दोन आकडे पुरे आहेत. त्यानंतरच्या बेलमॉन्ट विजेत्यांत सर्वांत जलद वेळ २ मिनिटं २६ सेकंद, ईझी गोअरची १९८९ साली आणि ए. पी. इंडीची १९९२ साली. दोघंही अव्वल घोडे. सेकंदाला ढोबळमानानं पाच-सहा लेंग्थ धरल्या तर हे दोघं सेक्रेटेरिएटच्या दहाबारा लेंग्थ मागे पोचले असते. चारा सुधारला, नाल सुधारली, औषधं आणि ट्रॅक सुधारले, तरी अर्ध्या शतकात ती दरी बुजली नाही. प्रश्नकर्त्याला माझं पहिलं उत्तर हेच. अपराजित घोडा आपल्या काळातल्या इतरांपेक्षा सरस ठरतो. सेक्रेटेरिएटनं तीन वेगवेगळ्या अंतरांवर अशा वेळा लावल्या की त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला त्याच्याशी धावावं लागलं. फ्रँकेल आणि ब्लॅक कॅव्हियर यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. फ्रँकेल सात फर्लांग ते साधारण सव्वा मैल, ब्लॅक कॅव्हियर निव्वळ स्प्रिंटर, आणि दोघांच्या माणसांनी त्यांना त्यांच्या हद्दीत फार शहाणपणानं धावडवलं. सेक्रेटेरिएटच्या माणसांनी त्याला साडेपाच फर्लांगांपासून तेरा फर्लांगांपर्यंत, मातीवर आणि गवतावर, तीन वर्षांच्या पोरांशी आणि मोठ्या घोड्यांशी, सगळीकडे उतरवलं. इतक्या ठिकाणी उतरलेला घोडा कुठे ना कुठे हरतोच.

तो पुन्हा दोनदा हरला. ४ ऑगस्टला साराटोगाच्या व्हिटनी स्टेक्समध्ये ओनियन नावाच्या घोड्यानं त्याला लेंग्थभर मागे टाकलं. ओनियन चारच दिवसांपूर्वी त्याच ट्रॅकवर जिंकून आला होता, ताजा आणि तयार. सेक्रेटेरिएटच्या अंगात विषाणूचा ताप होता. घोड्याचा असला बारीक ताप फसवा असतो. सकाळच्या कामात तो दिसेलच असं नाही, दाण्याकडे पाहिलं तर थोडा शेष राहतो एवढंच. बाकी सगळं ठीक. शर्यतीत शेवटच्या फर्लांगात कळतं की आतली पेटी रिकामी आहे. एवढ्या मोठ्या घोड्याला पाहायला साराटोगात गर्दी लोटली होती. अशा वेळी घोडा मागे घेणं किती कठीण असतं हे ज्यानं कधी एन्ट्री काढून घेतली आहे त्यालाच ठाऊक.

शेवटचा पराभव सप्टेंबर अखेरचा, वुडवर्ड स्टेक्स. खरं म्हणजे तिथे त्याच तबेल्यातला रिव्हा रिज धावायचा होता. पावसानं ट्रॅक चिखलाचा झाला, रिव्हा रिजला चिखल मानवत नव्हता, म्हणून सेक्रेटेरिएटला उतरवलं. दीड मैलासाठी लागणारं काम अंगात नव्हतं. दोनच आठवड्यांपूर्वी मार्लबरो कपमध्ये त्यानं नऊ फर्लांग १ मिनिट ४५.४ सेकंदांत काढून जागतिक विक्रम केला होता, आणि नंतर हलकंच काम चाललं होतं. प्रूव्ह आउट नावाचा घोडा त्याला साडेचार लेंग्थनं हरवून गेला. ओनियन आणि प्रूव्ह आउट, दोघांचा ट्रेनर एकच: अ‍ॅलन जर्कन्स. मोठमोठ्या घोड्यांना साध्या घोड्यांनी हरवण्यात त्यांची ख्याती होती. घोडा नेमका कोणत्या दिवशी पिकतो हे ओळखणारा माणूस म्हणून मी त्यांचं नाव नेहमी घेतो.

आता वुड मेमोरियल आणि वुडवर्ड शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींच्या आधी काम कमी. मग डर्बी आणि बेलमॉन्ट शेजारी ठेवा. दोन्हींच्या आधी काम जबर. मला यात अपघात दिसत नाही. इतका मोठा, इतका खाणारा घोडा कामानंच धारदार व्हायचा. वुडवर्डनंतर लॉरिननी ते ओळखलं असावं. ८ ऑक्टोबरला त्याला पहिल्यांदाच गवतावर उतरवलं आणि मॅन ओ' वॉर स्टेक्समध्ये त्यानं दीड मैलाचा ट्रॅक विक्रम केला, २ मिनिटं २४.८ सेकंद. २८ ऑक्टोबरला कॅनडात वुडबाइनला शेवटची शर्यत झाली. टरकॉटवर त्या दिवशी बंदी होती, म्हणून एडी मेपल बसला. साडेसहा लेंग्थनं विजय, आणि कारकीर्द संपली. सोळा महिन्यांत २१ शर्यती, १६ विजय, तीनदा दुसरा, एकदा तिसरा, एकदा चौथा. कमाई १३ लाख १६ हजार ८०८ डॉलर.

आता हृदयाचा प्रश्न. १९८९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर केंटकी विद्यापीठाचे पशुवैद्यक डॉ. थॉमस स्वेर्चेक यांनी शवविच्छेदन केलं. इतकं मोठं आणि तरी पूर्ण निरोगी हृदय त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण लक्षात घ्या, ते त्यांनी वजन करून पाहिलं नाही. २२ पौंड, म्हणजे सुमारे १० किलो, हा नंतरचा अंदाज आहे. तो त्यांनी शॅमच्या हृदयावरून बांधला, जे त्यांनी १९९३ मध्ये प्रत्यक्ष तोललं आणि १८ पौंड भरलं. साध्या थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, हृदय साधारण चार-पाच किलोंचं असतं. ऑस्ट्रेलियाच्या फार लॅपचं हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेलं आहे, ते सहा किलोंच्या वर.

मोठं हृदय का कामाला येतं ते सरळ आहे. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४०, भरधाव असताना २२० च्या वर. याहून जास्त ठोके पडत नाहीत, मग फरक उरतो तो एका ठोक्यात किती रक्त फेकलं जातं यात. शिवाय पळायला लागल्यावर घोड्याची प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते, रक्त दाट होतं, आणि ते दाट रक्त ढकलायला दणकट पंपच लागतो. पंप मोठा असेल तर स्नायूंना प्राणवायू जास्त वेळ पुरतो आणि पाय जड व्हायला उशीर लागतो. बेलमॉन्टचे शेवटचे तीन तुकडे यामुळेच शक्य झाले, हे मी मान्य करतो.

पण शॅमकडे बघा. १८ पौंडांचं हृदय, आजवर तोललेल्या सर्वांत मोठ्या हृदयांपैकी एक, आणि तोच शॅम बेलमॉन्टला शेवटचा आला. हृदयच सगळं ठरवत असतं तर तो निदान दुसरा तरी यायला हवा होता. सेक्रेटेरिएटला हृदयाबरोबर जवळपास २५ फुटांची ढांग मिळाली होती. चौखूर धावताना घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो, त्यामुळे लांब आणि सैल ढांग म्हणजे श्वासालाही मोकळीक. त्याच्या मागच्या पायांची ठेवण जाणकार आजही जुन्या छायाचित्रांवरून अभ्यासतात. आणि या सगळ्यावर ती भूक आणि कामाची सोसवणूक. हृदय मोठं असून जो घोडा दाणा सोडतो त्याचं हृदय शर्यतीच्या दिवशी कोणाच्या उपयोगाला येत नाही. मोठ्या हृदयाचा गुण आईच्या बाजूनं, प्रिन्सक्विलोकडून उतरतो अशीही एक मांडणी आहे. ती ऐकायला सुंदर आहे, पण पुराव्यानं पक्की झालेली नाही. तिच्या जोरावर शिंगरू विकत घेऊ नका.

स्टडमधली गोष्ट लोक अपयश म्हणून सांगतात, ते अर्धवट आहे. सुरुवातीला त्याच्या वीर्याबद्दल शंका आली, म्हणून चाचणीसाठी काही साध्या घोड्या लावल्या. त्यांतल्याच एका अ‍ॅपालूसा घोडीपासून त्याचं पहिलं शिंगरू झालं. मग १९७६ मध्ये कीनलंडच्या लिलावात त्याचं कॅनेडियन बाउंड नावाचं शिंगरू १५ लाख डॉलरला गेलं. दहा लाखांच्या वर गेलेलं ते जगातलं पहिलं वर्षाचं शिंगरू. पण ट्रॅकवर त्यानं काही केलं नाही. लोकांना दुसरा सेक्रेटेरिएट हवा होता, तो झाला नाही. तरीही लेडीज सीक्रेट ही १९८६ ची सर्वोत्तम घोडी त्याची मुलगी. प्रीकनेस आणि बेलमॉन्ट जिंकणारा रायझन स्टार त्याचा मुलगा, आणि १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत जिंकणारा किंग्स्टन रूलही त्याचाच.

त्याचा शेवट लॅमिनायटिसनं झाला. खुराच्या भिंतीला आतलं हाड धरून ठेवणारे पडदे सुजतात, पकड सुटते आणि अंगाच्या सगळ्या भारानं हाड खाली सरकू लागतं. पाचशे किलोंचं जनावर चार खुरांवर उभं असतं, त्यामुळे ही वेदना थांबवायला फार थोडे उपाय हातात राहतात. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, क्लेबॉर्नमध्ये त्याला शांतपणे निरोप दिला गेला. घोड्याचा एखादा खूर जरा जास्त गरम लागला, तो पुढचे पाय पुढे काढून मागे रेलून उभा राहू लागला, तर सकाळपर्यंत थांबू नका, डॉक्टरला लगेच बोलवा. आपल्याकडे दाणा अंगावर आला म्हणून होणाऱ्या लॅमिनायटिसमध्ये पहिले काही तासच हातात असतात.

त्याचं रक्त पुढे गेलं ते मुख्यतः मुलींमधून. टर्लिंग्वाचा मुलगा स्टॉर्म कॅट, वीकेंड सरप्राइजचा मुलगा ए. पी. इंडी, सीक्रेटेमचा मुलगा गॉन वेस्ट. अमेरिकेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे पैदाशीचे घोडे मोठे झाले त्यांत ही तीन नावं पहिल्या ओळीतली आहेत. २०१५ मध्ये अमेरिकन फेरो आणि २०१८ मध्ये जस्टिफाय यांनी ट्रिपल क्राउन जिंकलं. दोघांच्याही वंशावळीत स्टॉर्म कॅट आहे, म्हणजे टर्लिंग्वा आहे, म्हणजे सेक्रेटेरिएट आहे. बेलमॉन्टला अमेरिकन फेरोची वेळ २ मिनिटं २६.६५ सेकंद होती आणि जस्टिफायची २ मिनिटं २८.१८.